नकाशाचं भाडं, खोली फुकट

मावळातल्या वराळे गावात भाड्याची खोली बघायला गेलेल्याला मालक आधी खोली दाखवत नाही, परिसर दाखवतो. तळेगाव स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे (हाक मारणाऱ्याचा गळा शाहिराचा हवा, एवढंच). एमआयडीसी अशी, जुना हायवे तसा, एक्स्प्रेसवे तर काय, आपलाच. पलीकडे इंद्रायणी. गॅलरीतून थोडं वाकलं की डोंगर. एवढं सगळं ऐकून झाल्यावर कुलूप उघडतं आणि दार अर्ध्यात दिवाणाला अडकतं. वन आरके!

राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटरची, म्हणजे साधारण १०२ चौरस फुटांची असावी आणि तिची रुंदी २.४ मीटर असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. संहितेने हे एका खोलीबद्दल सांगितलं. त्यात किती इंजिनिअर मावावेत, ते मालकावर सोडलं. गावात कॉलेज आल्यापासून लातूर-नांदेडची पोरं इथे येतात आणि तिघांत एक खोली घेतात.

"काका, तिघांना पुरेल ना?"

"झोपायला पुरते की! दिवसभर तुम्ही कॉलेजातच."

जागा मोजायची नसेल, तर भाडं ठरतं कशावर? बातम्यांवर. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा कारखाना तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे जाहीर झालं आणि राज्यभर राजकारण पेटलं. मावळात मात्र कारखाना येणार म्हणून वाढवलेलं भाडं कारखाना गेला म्हणून कमी करायची रीत नाही. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्समधलं उत्पादन थांबलं, तेव्हाही मालकाचा सवाल बिनतोड होता: कंपनी बंद पडली म्हणून खोली लहान झाली का? पुढे २०२३ मध्ये तोच कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने केला. मग तर विचारायलाच नको. कोरियातली बातमी वराळ्याच्या जिन्यात पोचायला लोकलपेक्षा कमी वेळ लागतो. लोकल दुपारच्या वेळी गायब असते, हे मावळचं जुनं दुखणं. स्टेशन हाकेवर असल्याचं भाडं मात्र त्या रिकाम्या तासांचंही मोजावं लागतं.

यानंतर येतो अकरा महिन्यांचा करार. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, असं १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो, म्हणून बाराव्या महिन्याआधी थांबायची युक्ती देशभर रुजली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ही पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची आणि ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, असंही हे कलम म्हणतं. पळवाट बुजली, तरी अकरा महिने तसेच राहिले. आता ते कायद्यासाठी नसून भाडेवाढीसाठी असतात.

त्यातही कागदावर 'भाडेकरू' कुठेच नसतो. तो परवानाधारक, म्हणजे लायसेन्सी असतो. मालकांच्या या सावधपणामागे इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकलं होतं. मुंबईतल्या त्या धसक्याने वराळ्यातला, तेव्हा कदाचित जन्मलाही नसेल असा मालक आज एजंटला बजावतो, "लीव्ह अँड लायसन्सच कर बाबा!" ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे. जबाबदारी मालकाची असली, तरी खर्च बहुतेक वेळा पोरांच्या वर्गणीतून निघतो. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, स्टूल एकच असल्याने लॅपटॉप गॅसच्या शेगडीवर ठेवतो आणि तेवढ्यापुरता चहा बंद.

मग मावळचा पाऊस लागतो. मालकाने वर्णन केलेला डोंगर जूनमध्ये ढगात जातो, तो गणपतीपर्यंत बाहेर येत नाही. दोरी पंख्यापासून खिडकीच्या गजापर्यंत बांधलेली, तिच्यावर तिघांच्या जीन्स. त्या वाळत नाहीत, फक्त वास बदलतात. भिंतीला ओल येते, कोपऱ्यात बुरशी धरते. "तुम्ही खिडकी उघडी ठेवत नाही," असं काका म्हणतात. उघडली की पाणी आत येतं. "मग बंद ठेवा ना!"

ही ओल अकराव्या महिन्यात कामाला येते. डिपॉझिटमधून एका महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापलं जातं. कापल्याची पावती नसते, रंगाचा डबा दिसत नाही. दिवाणामागच्या भिंतीवर कोणा थर्मोडायनॅमिक्सवाल्याने पेन्सिलीने लिहिलेली समीकरणं तीन बॅचेस जुनी असून अजून स्वच्छ वाचता येतात. चौथ्या बॅचचा पोरगा तीच वाचत उभा असताना काका त्याला खिडकीशी बोलावतात आणि ढगाकडे बोट करून भाडं सांगतात. गेल्या वर्षीपेक्षा हजार रुपये जास्त, कारण आता वराळे फार पुढे गेलंय.