लाडका आकडा सहा

बास्केटबॉलमधल्या एनबीए प्लेऑफची मालिका सात सामन्यांची. चार जिंकले की सुटलात. मालिका किती सामन्यांत संपेल या भाकितात पंडितांचा लाडका आकडा मात्र सहा. चार म्हणावं तर समोरच्याचा अपमान, सात म्हणावं तर आपलाच भित्रेपणा उघडा. सहा कसं, अभ्यास केल्यासारखं दिसतं.

२०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स ८२ पैकी ७३ सामने जिंकून आलेले, अंतिम मालिकेतही ३-१ ने पुढे. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. समोरच्या क्लीव्हलँडने उरलेले तिन्ही सामने मारले. सातव्यात ८९-८९ असताना त्यांच्या कायरी अर्व्हिंगने लांबून तीन गुणांचा बास्केट टाकला, आणि भल्याभल्यांना आपल्याला आधीपासून कुणकुण होती हे आठवलं.

२०२३ मध्ये आठव्या मानांकनाच्या मायामीने अव्वल मिलवॉकीला पाचांतच घरी बसवलं. ‘मिलवॉकी, सहात’ म्हणणाऱ्याचं गणित एकाच सामन्याने चुकलं. संघ तेवढा दुसरा निघाला.