पार्सल दारात, नफा कुणाच्या घरात?

"वहिनी, तुमचं पार्सल आमच्या तिण्णैच्या ओट्यावर ठेवून गेला बघा तो मुलगा."

"आलं का एकदाचं! मला वाटलं, आपलं पापनाशम सोडून गेलं तिरुनेलवेलीच्या पापनाशमला. पिनकोड चुकला की आपला माल तिकडचा धबधबा बघून येतो."

परसातल्या कुंपणापाशी अक्का शेवग्याचा पाला काढत होत्या. पाल्याला हात आणि बातमीला कान, हा त्यांचा नेम.

"तुमचा भाचा आला होता ना चेन्नईहून? मोठ्यानं शेअरबाजार चालला होता. इकडे रसम ढवळताना सगळं ऐकू येत होतं."

"येत होतं की ऐकत होतात?"

"दोन्ही. सांगा तरी."

"तो म्हणतो, आत्या, ज्या कंपन्यांची पार्सलं रोज गल्लीत येतात त्यांचे शेअर घ्यायला अक्कल कशाला हवी? म्हटलं, मग फ्लिपकार्टचा घे. तर गप्प! तो शेअर अजून बाजारात आलेलाच नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टनं 1,600 कोटी डॉलर मोजून 77 टक्के हिस्सा घेतला. अ‍ॅमेझॉनचा हवा तर अमेरिकेच्या नॅसडॅकवर, डॉलरात."

"पण धंदा तर धो धो चाललाय."

"माल कुठं त्यांचा असतो, अक्का? परदेशी मालकीच्या कंपनीला इथं ऑनलाइन दुकान काढून स्वतःचा साठा किरकोळीनं सहसा विकता येत नाही. विकणारा दुसराच, ही मधली. फेब्रुवारी 2019 पासून तर नियम आणखी आवळलेत."

"म्हणजे पालैवननाथाच्या देवळाजवळचं नायकांच्या काळातलं कोठार! भात कुणाचं, राखणारा कुणी."

"अगदी तसंच, राखणावळीवर जगायचं. स्वामिमलैच्या स्थपतीनं नटराजाची मूर्ती विकली तर कंपनीला मिळतं कमिशन, पाठवणावळ आणि यादीत वर दिसावं म्हणून त्यानं भरलेले जाहिरातीचे पैसे. त्यातून स्कूटरवाल्याची मजुरी, सवलती, परत आलेल्या साड्यांचा हेलपाटा वजा करा. गल्लीतली पार्सलं मोजून यातलं काही कळत नाही."

अक्कांनी पाला सुपात टाकला. आता बैठक लांबणार, हे मी ओळखलं.

"पण ती झोमॅटो म्हणे वर गेली."

"गेली ना. आता तिचं नाव इटर्नल. 2022 मध्ये ब्लिंकिट घेतली, तेव्हापासून कांदे-बटाटेही तीच पोचवते. जुलै 2021 मध्ये 76 रुपयांना शेअर दिला, पहिल्याच सकाळी 115 वर उघडला. वर्षानं किती झाला असेल?"

"दोनशे?"

"एक्केचाळीसच्याही खाली. जुन्या भागधारकांना वर्षभर विकायला बंदी होती. जुलै 2022 मध्ये ती उठली आणि त्याच आठवड्यात भाव कोसळला."

"अरे देवा! मग?"

"ज्यांनी धरून ठेवला त्यांना 2024 मध्ये तीनशेच्या आसपास भाव दिसला. त्याच डिसेंबरात कंपनी सेन्सेक्समध्ये जाऊन बसली."

"मग भाचा खरंच म्हणतो की!"

"सगळ्या तशा नाहीत हो. प्रसाधनं विकणाऱ्या ‘नायका’ कंपनीचा इश्यू नोव्हेंबर 2021 मध्ये 1,125 ला आला आणि दोन हजारांवर उघडला. पुढच्या वर्षी बंदी उठायच्या सुमारालाच कंपनीनं एका शेअरला पाच बोनस दिले. लोक खूश! पण एकाचे सहा झाले की भावही सहाव्या हिश्श्यावर येतो. मोठ्यांनी घाईनं विकू नये म्हणून हा बेत, अशी तेव्हा कुजबुज होती. त्या कुजबुजीत तथ्य असावं असं मलाही वाटतं."

"आणि ती लहान मुलांच्या कपड्यांची?"

"फर्स्टक्राय. पुण्याची."

"पुण्याची? मग आपलीच!"

एकोजीराजांबरोबर इकडे तंजावर मुलखात येऊन साडेतीनशे वर्षं झाली, तरी पुण्याचं नाव निघालं की आमच्या माणसांचे कान टवकारतात.

"भाव काही आपलं-परकं बघत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये 465 ला दिला, पहिल्या दिवशी सहाशेच्या वर, 2025 मध्ये 465 च्याही खाली. त्यातली गंमत सांगते. इश्यू होता सुमारे 4,194 कोटींचा. कंपनीच्या तिजोरीत गेले 1,666 कोटी. बाकीचे आपले शेअर विकून बाहेर पडणाऱ्या जुन्या भागधारकांना."

"एवढं पुढं सोनं पिकणार असेल तर ते विकतात कशाला?"

"हेच मी भाच्याला विचारलं. म्हणाला, आत्या, तू जुन्या काळातली."

"मग यंदा अर्ज भरणार का तो?"

"भरेल, पण लागायला हवा ना! तोट्यातल्या कंपनीच्या इश्यूत आपल्यासारख्यांना फार तर 10 टक्के, मोठ्या संस्थांना निदान 75, असा सेबीचा नियम. सोडतीत नाव नाही आलं की ही पोरं पहिल्या दिवशी चढ्या भावात उडी घेतात. ऑनलाइन विक्रीवाल्या मीशोचा इश्यू डिसेंबर 2025 मध्ये 111 ला आला आणि 160 च्या वर उघडला. 111 वाल्याचा हिशेब वेगळा, 160 वाल्याचा वेगळा. पेपरात मथळा मात्र पहिल्याचाच येतो."

"आमच्या ह्यांच्याकडे कुंभकोणमच्या बँकेचे शेअर आहेत. सिटी युनियन हो, 1904 ची, तेव्हा नुसती कुंभकोणम बँक होती. त्याचा लाभांश येतो. ह्या पार्सलवाल्या काय देतात?"

"अ‍ॅमेझॉन 1997 ला बाजारात आली, तेव्हापासून रोख लाभांशाचा एक छदाम दिलेला नाही. मिळवायचं ते भाव चढला तरच, आणि विकलं तरच."

"मग भाच्याला काय सांगितलंत?"

"म्हटलं, पहिल्या दिवशी हात लावू नकोस. जुन्यांची बंदी आता सहा महिन्यांची असते, ती उठू दे. विकणाऱ्यांची यादी इश्यूच्या माहितीपत्रात छापलेली असते, ती वाच. मग चार तिमाहींचा नफा-तोटा बघ आणि त्यानंतरही घ्यावासा वाटला तर खुशाल घे, पण स्वतःच्या पैशांनी. बापाच्या ठेवी मोडून नाही."