अशासकीय विधेयकास अनावृत पत्र

चिरंजीव अशासकीय विधेयक यांस, अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

संसदेत तुझी आबाळ होते, अशी तक्रार तुझे जनक, म्हणजे मंत्रिपदापासून अद्याप दूर राहिलेले सन्माननीय सदस्य, वरचेवर करतात. ती मला साफ नामंजूर आहे. ज्या लोकसभेने शुक्रवारच्या बैठकीचे अखेरचे अडीच तास तुमच्या बिरादरीसाठी राखून ठेवले, आणि एका शुक्रवारी तुम्ही तर दुसऱ्या शुक्रवारी तुमचे चुलतभाऊ अशासकीय ठराव अशी रीतसर वाटणीही करून दिली, तिच्यावर हेळसांडीचा ठपका ठेवणे हा शुद्ध कृतघ्नपणा होय. त्या प्रहरी बरेचसे सदस्य आपापल्या मतदारसंघाच्या वाटेला लागलेले असतात हे खरे; परंतु गणपूर्तीस एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा पुरतो, अशी उदार तरतूद घटनेच्या 100व्या कलमात आहे, आणि तितकेही न जमल्यास घंटा वाजवून, थोडी वाट पाहून, बैठक तहकूब करता येते.

कागदोपत्री पाहता तुझी आणि सरकारी विधेयकाची वाट एकच: मांडणी, विचार, कलमवार चर्चा, अखेरची मंजुरी, मग दुसरे सभागृह आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. फरक किरकोळ आहेत. त्याच्यामागे बहुमत उभे असते, तुझ्या नशिबी चिठ्ठ्या टाकून ठरणारा क्रम असतो. शिवाय तुझ्यापायी सरकारी खजिन्यातून पैसा खर्च व्हायचा असेल, तर विचारार्थ घेण्यापूर्वी राष्ट्रपतींची शिफारस लागते. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाला तू नकोसे आहेस, त्याच्याच सल्ल्याने ती मिळायची. इतक्यावरही तू चर्चेस आलेच, तर मंत्रिमहोदय उठतात, तुझ्या उदात्त हेतूची मनसोक्त स्तुती करतात, सरकार या प्रश्नाचा सहानुभूतीने विचार करीत असल्याचे सांगतात, आणि तुला मागे घेण्याची सदस्यांना विनंती करतात. सदस्यही बहुधा आभार मानून तुला घरी नेतात. इतक्या सौजन्याने विसर्जन फक्त गणपतीचेच होत असावे.

तुझ्या कुळातील चौदा भाग्यवंत कायदे झाले, हे मी विसरलेलो नाही. संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्त छापणाऱ्यास संरक्षण देणारा 1956चा कायदा फिरोज गांधींच्या विधेयकातून आला. पुढे आणीबाणीत तो रद्द झाला, तेव्हा पंतप्रधानपदी त्यांच्याच पत्नी होत्या, ही बाब येथे केवळ वंशावळीच्या पूर्ततेसाठी नमूद करतो. चौदावा भाग्यवंत 1970 साली निघाला. त्यानंतर आजतागायत दोन्ही सभागृहांतून तुमच्यापैकी एकही पार पडलेले नाही, यावरून देशातील कायद्यांची गरज किती पूर्णपणे भागली आहे, हे कोणाही सुज्ञास समजेल.

तरीही खचू नकोस. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्यास संसदेला मनाई केली, तेव्हा तो अधिकार परत मिळावा म्हणून राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी 1967 साली असेच एक विधेयक आणले. संयुक्त समितीने ते तपासले, सभागृहाने त्यावर खल केला, देशभर वाद झाला, आणि अखेर ते तडीस गेले नाही. नाथ पै 1971च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणून तोच अधिकार संसदेस बहाल केला, आणि ती भरघोस बहुमताने मंजूर झाली. मंत्र्यांच्या हातून आलेली गोष्ट सभागृहाला तत्काळ पटते, हा त्या हातांचा गुण समजावा.

तेव्हा पुढील अधिवेशनास, नियमाप्रमाणे एक महिन्याची आगाऊ नोटीस देऊन, अवश्य हजर व्हावे. मसुदा मात्र सुवाच्य असावा. उतरवून घेणाऱ्यांची गैरसोय होता कामा नये.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक,
प्रेक्षक सज्जातील एक नागरिक