नीरेचा पूल ओलांडून

जोडून सुट्टी आली की आमच्या नीरेकाठच्या सांगवीत शुक्रवारी रात्रीच गाड्यांत डिझेल भरून ठेवतात. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारपर्यंत पसरणीच्या घाटात अडकायचं, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी क्रीम खायचं आणि रविवारी त्याच घाटात पुन्हा अडकायचं. वाटेत फलटण लागतं, पण गाडीची काच खाली होत नाही.

मला हे खटकायला लागलं ते इंग्लंडला जाऊन आल्यावर. पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. मे महिन्यात त्यांच्याकडे सोमवारची जोडून सुट्टी येते. ‘काका, दोन जुनी गावं दाखवतो,’ म्हणाला. मला वाटलं किल्ले असतील, राजवाडे असतील. त्यानं मला नुसतं चालवलं.

यॉर्कला गावाभोवती जुना तट आहे, साधारण साडेतीन किलोमीटरचा. त्यावरून कुणीही फुकट चालत जावं. खाली लोकांची परसं, वाळत घातलेले कपडे, पलीकडे मोठ्या चर्चचे मनोरे. माझ्यापुढे एक आजी काठी टेकत चालली होती. ती त्याच गावची, रोज तेवढं चालते. हा तट १८००च्या सुमाराला तिथल्या नगरपालिकेलाच पाडायचा होता. लोक आडवे आले, भांडले. काही भाग गेला, बराचसा वाचला.

स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर जन्मला ते घर पाहिलं. ते १८४७ साली चक्क लिलावात निघालं होतं. लोकांनी वर्गणी काढून तीन हजार पौंडांना सोडवून घेतलं, नाहीतर आज तिथं काय असतं कोण जाणे. आत जपून ठेवलेल्या एका खिडकीच्या काचेवर जुन्या पाहुण्यांनी टोकदार हिऱ्यानं आपापली नावं कोरली आहेत. वॉल्टर स्कॉटचंही नाव त्यात आहे. म्हणजे भिंतीवर, काचेवर नाव खरडायची खोड त्यांनाही होती आणि पाडापाडीची घाईही होती. ते आपल्यापेक्षा उपजत शहाणे वगैरे काही नव्हते. फक्त वेळ आली तेव्हा गावातली चार माणसं ‘हे आमचं आहे’ म्हणून उभी राहिली. परत येताना विमानात मी एवढाच विचार करत होतो की मला शेक्सपिअरचं घर दाखवायला पुतण्यानं गाडी काढली, पण मी त्याला लहानपणी मोरोपंतांच्या बारामतीत कधी बोट धरून फिरवलं नाही. बारामतीला नेलं ते दवाखान्यात, नाहीतर दिवाळीच्या कापडखरेदीला.

मोरोपंत पराडकर पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत आले, पुराण सांगू लागले आणि १७९४मध्ये इथंच गेले. बाबूजी म्हणजे पेशव्यांचे सोयरे. त्यांचा वाडा कऱ्हेच्या काठावर. पंतांनी एकशे आठ रामायणं लिहिली म्हणतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. वाचताना ओठाला ओठ लागता कामा नये. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं बाद. आता गंमत बघा, रामायण सांगायचं आणि ‘राम’ एवढं नाव घ्यायचं नाही, कारण ‘म’ म्हणताना ओठ मिटतात!

मी हे पुतण्याच्या दहा वर्षांच्या मुलीला फोनवर सांगितलं. तिचं मराठी मोडकंतोडकं, पण खेळ तिला लगेच कळला. ‘आई’ चालते, ‘बाबा’ चालत नाहीत. ‘आजी’ चालते, ‘आजोबा’ अडकतात. ‘बारामती’ अडते, ‘मोरोपंत’ अडतात, ‘फलटण’ आणि ‘इंदापूर’ही अडतात. ‘नीरा’, ‘कऱ्हा’ आणि ‘सांगवी’ सुटतात. पाऊण तास हा खेळ चालला. तिच्या आईनं फोन काढून घेतला म्हणून थांबला. जिभेवर आणि ओठांवर कळलेला कवी पोर विसरत नाही. कऱ्हेकाठी वाड्याच्या सावलीत बसून हाच खेळ वीस पोरं खेळतायत, असं मला बघायचंय. आमच्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. जाऊ देत, पण एक दिवस कऱ्हेकाठी द्या.

आता पुलापलीकडे बघू. आमच्या सांगवीला नीरा ही नुसती नदी नव्हती, ती सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा पुणे जिल्हा, पलीकडे निंबाळकरांचं फलटण संस्थान. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं, तोवर नदी ओलांडली की राज्य बदलायचं. या गोष्टीसाठी लोक युरोपात नकाशे घेऊन हिंडतात. आम्ही त्या पुलावरून रोज उसाच्या ट्रॉल्या नेतो.

आणि फलटण म्हणजे कोण? शिवाजी महाराजांच्या आजी उमाबाईंचं माहेर, आणि सईबाईंचंही माहेर तेच. संभाजी राजांच्या या आईनं १६५९मध्ये राजगडावर डोळे मिटले, तेव्हा लेकरू जेमतेम दोन वर्षांचं होतं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे लढताना पडले ते इंदापुरात. त्यांची गढी तिथंच आहे. म्हणजे भोसल्यांच्या घरातल्या दोन सुना पुलापलीकडच्या आणि त्या घराचा कर्ता पडला तो आमच्या शेजारच्या तालुक्यात. छत्रपतींचं नाव गाडीच्या काचेवर लावून हिंडणाऱ्या पोरांना मी विचारलं, ‘मालोजीराजांची गढी बघितली का रे?’ सहापैकी एकानं मान हलवली. तोही इंदापूरला बहिणीकडे गेला होता म्हणून.

पाटीचंही बोलतोच. आपल्याकडे जुन्या वास्तूसमोर सगळ्यांत मोठा फलक वाढदिवसाचा असतो. वास्तूचं नाव कुठंतरी गंजलेल्या पत्र्यावर, अर्धं पुसलेलं. यॉर्कला मी बघितलं, पाट्या हाताएवढ्याच होत्या, पण प्रत्येक वळणावर होत्या. बसायला बाक होता, पाण्याचा नळ होता आणि बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह होतं. माझी बायको तिथं दोन दिवस मोकळेपणानं फिरली. इथं गावं बघायला निघाली की ती सकाळपासून पाणी पीत नाही. आमच्या गावांना फिरायला लोक का येत नाहीत, याचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे आणि त्यासाठी कुठला आराखडा लागत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर आपल्याकडे आहे. आपण गावात मुक्कामच करत नाही. नीरा-नरसिंहपूर कितीतरी घरांचं कुळदैवत. सकाळी जायचं, अभिषेक करायचा, दुपारी परत. आमच्या दारावरून वाहणारी नीरा तिथं जाऊन भीमेला मिळते. स्वतःच्या नदीचा शेवट कसा होतो ते संध्याकाळी घाटावर बसून बघावं, असं या भागातल्या माणसाला वाटू नये? पळसदेवचं तसंच. १९८०ला उजनी धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसनाथाचं मंदिर वर येतं. तेवढे दिवस लोक मोबाईल घेऊन धावतात आणि फोटो काढून पळतात. त्या गावातून उठून गेलेली म्हातारी माणसं अजून आहेत. कुणाचं घर कुठं होतं, हे हातानं दाखवतात. त्यांच्याजवळ बसायला वेळ काढायला हवा, आणि तो लवकर काढायला हवा.

पुतण्या दिवाळीत येतोय, पोरीला घेऊन. तीन दिवस काढलेत. एक दिवस फलटण चालत, एक बारामतीत कऱ्हेकाठी, मग इंदापूर आणि नरसिंहपूरला संध्याकाळ. फलटणला रात्री राहायचं म्हणून परवा एका लॉजवर फोन केला.

‘लग्न आहे का?’

‘नाही.’

‘मग कोर्टाचं काम?’

‘नाही हो. गाव बघायचंय.’

पलीकडचा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘आमचं फलटण? या की. मी स्वतः दाखवतो.’