स्मरणशील आसन आणि पहिल्या क्रमांकाचा मान

गाडीच्या आसनाला स्मरणशक्ती असते असे विक्रेते सांगतात. वस्तुतः त्या आसनाला कोणाचाही चेहरा, नाव वा नाते ठाऊक नसते आणि त्याच्याजवळ असतो तो केवळ फेऱ्यांचा हिशेब. आसन पुढे-मागे सरकवणे, उंच करणे, पाठ कलती करणे अशा प्रत्येक हालचालीसाठी एक छोटी विद्युत मोटर असते. तिच्या आसावरील वर्तुळाकार चुंबक फिरू लागले की शेजारचा हॉल संवेदक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील बदल टिपणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा, दर फेरीला ठरावीक स्पंद पाठवतो आणि नियंत्रक ते स्पंद जपमाळ ओढावी तशा निष्ठेने मोजत राहतो. ‘सेट’ हे बटण दाबून १ क्रमांकाचे बटण दाबले की त्या क्षणीची संख्या वीज गेली तरी न पुसली जाणाऱ्या स्मृतिकोशात नोंदली जाते.

मोजणी हुकली, तर नियंत्रकाला आपण कोठे आहोत हेच उमगेनासे होते. अशा वेळी आसन रुळाच्या टोकापर्यंत नेऊन भिडवावे लागते. तेथे मोटर अडते, तिच्यातील विद्युतप्रवाह एकदम वाढतो, स्पंद थांबतात आणि त्या टोकापासून मोजणी नव्याने सुरू होते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे निरुपयोगी ठरते, कारण ठेचही याच आसनाला लागते आणि शहाणेही तेच होते.

हा थाट नवा नाही. १९५७ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉमला असे स्मरणशील आसन होते. १३,०७४ डॉलरच्या त्या गाडीत अत्तराची कुपी आणि चुंबकाने जागेवर राहणारे पेलेही मिळत, त्यामुळे तेवढ्या रकमेत आसनाने मालकाला ओळखावे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही. त्याच वर्षीच्या फोर्ड थंडरबर्डसाठी इंजिन बंद करताच मागे सरणारे आसन जादा पैसे मोजून घेता येई.

पुढे ही अदब स्टीअरिंगलाही शिकवण्यात आली. ज्या दांड्यावर स्टीअरिंग बसलेले असते त्याला कलवणारी एक आणि लांबी कमी-जास्त करणारी एक अशा दोन मोटरी असतात. गाडी बंद होताच स्टीअरिंग वर उचलले जाते, आसन मागे सरते आणि चालकाच्या पोटाला बाहेर पडण्यापुरती वाट मिळते. अनेक गाड्यांत या जागांची नोंद किल्लीशी जोडलेली असते, आणि तेथेच शास्त्र संपून संसार सुरू होतो. पत्नीची किल्ली खिशात घालून निघालेल्या सहा फुटी गृहस्थाला आसन अतिशय आदरपूर्वक पुढे नेते, स्टीअरिंग तितक्याच आदराने खाली येते आणि गुडघे व डॅशबोर्ड यांची भेट घडते. वाटेत अडथळा आला तर फेऱ्या मंदावल्याचे ओळखून काही नियंत्रक थांबतात, परंतु गृहस्थ हा अडथळा आहे की प्रवासी, याचा निर्णय त्यांना तत्काळ करता येत नाही.

बहुतेक गाड्यांत दोन किंवा तीनच क्रमांक असल्यामुळे १ कोणाचा, हा प्रश्न घरोघरी कर्जाचे हप्ते कोण भरतो यावरून सुटतो. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत पगारी चालक असतो, तेथे त्या आसनावर सर्वाधिक तास बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा एकही क्रमांक येत नाही, आणि तो रोज सकाळी आसनाच्या बगलेतील बटणे दाबून आपली जागा पहिल्यापासून शोधतो.