घट

अण्णांनी माझा 5 किलो लोकवनचा डबा गिरणीच्या तोंडाशी तिरका केला, दोन दाणे पडले न पडले तोच पुन्हा सरळ केला आणि म्हणाले, "जरा थांबा. लाईट येऊ दे."

मला वाटलं वीज गेली. वर पाहिलं तर दिवा चालू, पट्टा फिरतोय, शेजारच्या बाईंची ज्वारी खाली पडतेय. अण्णांना हवा होता तो उन्हाचा कोवळा पट्टा. समोरच्या बिल्डिंगच्या दोन विंगांमधून तो संध्याकाळी पंधराएक मिनिटं गिरणीत येतो आणि हवेतलं पीठ सोन्यासारखं दिसतं. "गोल्डन अवर," अण्णा म्हणाले. या माणसाच्या तोंडी पूर्वी इंग्रजी शब्द दोनच होते, मोटर आणि बेल्ट.

डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांची गिरणी आहे. अण्णांच्या भुवया वयाने पांढऱ्या की पिठाने, हे फक्त वहिनींना ठाऊक. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, कानामागे पेन्सिल, आणि आता गळ्यात मोबाईल. तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. पिशवीतून काढलेल्या व्हिडिओला एक धुकट मुलायमपणा येतो. भाचा त्याला फिल्टर म्हणतो.

हा भाचा या कथेतला नारद. त्याने डिजिटल मार्केटिंगचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि सराव करायला मामा सापडला. लॉकडाऊनच्या दिवसांत त्याने अण्णांना टिकटॉकवर बसवलं. अकरा व्हिडिओ झाले, बारावा भाजणीवर करायचा ठरला, आणि 29 जून 2020 ला सरकारने ॲपच बंद केलं. सीमेवर काय चाललंय याचा अण्णांना तोवर पत्ता नव्हता. तेव्हापासून मात्र चीनशी त्यांचं व्यक्तिगत वैर आहे. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि अण्णांचा वनवास संपला. पण तेव्हा रील 15 सेकंदांची. "पंधरा सेकंदांत काय दळून होतंय?" हा अण्णांचा रास्त सवाल होता. मग 30 झाली, 60 झाली, 90 झाली, आणि 2025 च्या जानेवारीत तीन मिनिटांची मुभा मिळाली. आता सबंध पायली दाखवता येईल म्हणून अण्णा खुशीत, तर भाचा म्हणाला, "मामा, सातच सेकंद ठेव. त्यातही पहिले तीन महत्त्वाचे. तिथेच माणूस अंगठा वर ढकलतो."

या पहिल्या तीन सेकंदांना हूक म्हणतात. अण्णांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. कॅमेऱ्यात तोंड खुपसून ते ओरडतात, "तुम्ही आजवर चुकीचं पीठ खाल्लंत!" एकदा हे ओरडताना मागे रांगेत एक आजी उभ्या होत्या. त्या तीस वर्षं इथेच दळण आणतात. त्यांनी डबा उचलला आणि चालू पडल्या. त्यांना परत आणायला वहिनींना लाडू घेऊन जावं लागलं.

मग गाण्याचं प्रकरण. भाच्याने एका दुपारी खातं व्यावसायिक करून टाकलं. दुकान आहे तर ते बिझनेस खातं असायला हवं, आकडे दिसतात, पत्ता टाकता येतो, हे सगळं खरं. पण व्यावसायिक खात्याला सिनेमाची गाणी लावायला मिळत नाहीत, हे त्याला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं तसलं बिनमालकाचं संगीत तेवढं उरलं. अण्णांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "याच्यापेक्षा माझी मोटर बरी." आणि रागाच्या भरात गिरणीचा नुसता आवाज ठेवून रील सोडली. घर्र घर्र, मधूनच लाकडी दांडक्याने कापडी पिशवीवर मारलेला धप्, आणि पिठाची धार.

ती चालली. 2 लाख 13 हजार व्ह्यूज! लुधियान्याच्या कुणीतरी लिहिलं, "पाजी, सुनते सुनते नींद आ गई." पाटण्याहून एकाने तासभराचा व्हिडिओ मागितला. लोक असले आवाज लावून झोपतात म्हणे. ए विंगच्या पहिल्या मजल्यावरची मंडळी याच आवाजाने झोप येत नाही म्हणून वर्षानुवर्षं सोसायटीला पत्रं लिहितायत. अण्णांनी पुढचं पत्र आलं तेव्हा सेक्रेटरींना लुधियान्याची कमेंटच दाखवली.

आठ दिवस अण्णा रस्त्याने वेगळे चालत होते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर सगळी तरुण पोरं नटूनथटून जमतात, तिथेही ते नवा झब्बा घालून उगाच दोन फेऱ्या मारून आले. कुणी ओळखलं नाही. "भुवया धुतल्या होत्या ना," वहिनी म्हणाल्या.

महिनाअखेरीला त्यांनी वही काढली. दळण नेहमीइतकंच. वर एक जादा डबा, तो भाच्याच्या आईचा. अण्णा बराच वेळ आकड्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "दहा किलोला पाव किलो घट मी समजू शकतो. दगडाला चिकटतं, हवेत उडतं. पण दोन लाखाला एक डबा? ही कुठल्या चक्कीची घट?"

मला वाटतं, एवढा नेमका प्रश्न भाच्याच्या अख्ख्या कोर्समध्ये कुणी विचारला नसेल. गिरणी म्हणजे काही पैठणी नव्हे की रील बघून कुणी कुरिअरने मागवेल. इथे माल गिऱ्हाइकाचा, डबा गिऱ्हाइकाचा, आणि भरलेला डबा हातात धरून माणूस किती चालेल याला मर्यादा आहे. अण्णांचा सगळा धंदा दोन गल्ल्या आणि एका उताराचा. पलीकडच्या चढावरचे लोक दुसऱ्या गिरणीत जातात. त्यात निम्म्या घरांत घरघंटी.

भाच्याला हे पटलं नाही. त्याने 500 रुपये भरून रील बूस्ट केली आणि कुणाला दाखवायची या रकान्यात 'ऑटोमॅटिक' निवडलं. इन्स्टाग्रामने इमानदारीने खात्याचे फॉलोअर पाहिले आणि तसल्याच आणखी माणसांना जाहिरात दाखवली. 500 रुपये पुन्हा लुधियान्याला. गहू पंजाबात पिकतो हे खरं, पण तो दळायला डोंबिवलीला पाठवायची पद्धत अजून पडलेली नाही. दुसऱ्या वेळी त्याने नकाशावर गिरणीभोवती लहानसं वर्तुळ काढलं. मग आमच्याकडे वेगळाच त्रास सुरू झाला. बायको मोबाईल उघडायची आणि हाक मारायची, "अहो, अण्णा आले!" मी शर्ट घालून दार उघडायला जायचो.

व्हॉट्सॲप बिझनेसचीही गंमत झालीच. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप अण्णांनी हौसेने स्वतः मराठीत लिहिला. रविवारी वहिनींनी निरोप टाकला, 'येताना कोथिंबीर आणा'. उत्तर गेलं, 'आपण आमची आठवण ठेवलीत, आभारी आहोत. गिरणी सोमवारी 9 वाजता उघडेल.' त्या दिवशी अण्णा आमच्याकडे जेवले.

पण याच ॲपमध्ये त्यांच्या हाताला भलतंच काही लागलं, आणि ते भाच्याने शिकवलेलं नव्हतं. अण्णांनी गिऱ्हाइकांचे नंबर दळणावरून साठवलेत. नाचणी टीचर. भाजणी बी विंग. सोयाबीन-मिक्स जिमवाला. माझं नाव 'गहू उधारी' आहे, हे मी चुकून पाहिलं. ही यादी करून त्यांनी एकगठ्ठा निरोप सोडला. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण मावतात, पण निरोप पोचतो ज्यांनी आपला नंबर जपून ठेवलाय त्यांनाच. तेव्हा अण्णा रांगेतल्या प्रत्येकाच्या हातातून मोबाईल घेऊन स्वतःच नंबर साठवायला लागले. आता निम्म्या गल्लीच्या मोबाईलमध्ये ते 'अण्णा पीठ' आहेत.

आणि स्टेटस. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गिरणी उघडून दगड घासले, झटकले, आधीचं सगळं पीठ काढलं आणि त्या स्वच्छ दगडाचा एक फोटो टाकला. गाणं नाही, हूक नाही. खाली एवढंच: 'उद्या 7 ते 9 फक्त उपासाचं. राजगिरा, वरई. नंतर गहू सुरू, मग मला बोलू नये.' दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी दूध आणायला गेलो, तर बायका पिशव्या घेऊन रस्त्यापर्यंत उभ्या. उपासाच्या पिठात गव्हाचा कण नाही ना, हे त्या वर्षानुवर्षं तोंडाने विचारत आल्या होत्या. यंदा त्यांनी पाहिलं. ज्या आजी रुसून गेल्या होत्या, त्या रांगेत पहिल्या.

एवढं कळल्यावर अण्णांनी रील बंद करायला हव्या होत्या, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्या घरघरीत उभ्या राहणाऱ्या माणसाला लुधियान्याचा कुणी पाजी त्याच आवाजाने झोपतो याचं काय वाटत असेल, ते वहीत मांडता येत नाही. गूगलवर कुणीतरी चार तारे देऊन लिहिलंय, 'पीठ उत्तम. मालक शूटिंग करतात, वेळ काढून जावे.' अण्णांनी त्याखाली आभार मानलेत.

तर ऊन आलं. अण्णांनी माझा डबा पुन्हा तिरका केला, भाच्याने मोबाईल धरला. पहिल्या वेळी मध्ये रिक्षा आली. दुसऱ्या वेळी मी हसलो. तिसऱ्या वेळी अण्णांनी खाली हात घातला, ओंजळभर पीठ उन्हात उधळलं, आणि ते खरोखरच सुंदर दिसलं. मग चौथ्यांदा, दुसऱ्या बाजूने.

डबा काट्यावर ठेवला तेव्हा 4 किलो 400 भरला.

"अण्णा, घट जरा जास्तच वाटते."

"स्लो मोशनला गेलं ना थोडं," अण्णा म्हणाले, आणि कानामागची पेन्सिल काढून वहीत माझ्या नावापुढे 5 किलोचे पैसे मांडले.