लुगडं आणि आरसे

सोनगीर सोडल्यापासून मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. खानदेशात पाहुण्यांचं स्वागत दणक्यात होतं हे ऐकून होतो, म्हणून मीही दोनदा हॉर्न वाजवून नमस्कार पोचवला. स्वागत आणखी वाढलं.

मागे कोण आहे ते बघायची सोय आमच्या गाडीत नव्हती. 1998 सालची टेम्पो ट्रॅव्हलर. कंपनीने 2005 साली ‘बजाज टेम्पो’चं ‘फोर्स मोटर्स’ केलं, पण आमच्या गाडीच्या कपाळावर अजून माहेरचंच नाव आहे. तिचं मोटारहोम केलं माझ्या मेव्हण्याने. मागच्या काचेला टेकवून त्याने कपाट उभं केलं, कपाटासमोर पलंग टाकला, आणि पलंगावर आत्या. त्यामुळे आतल्या आरशात फक्त आत्या दिसते. काटा साठच्या पुढे गेला की आरशातले डोळे वटारले जातात. बाहेरचा उजवा आरसा तळहाताएवढा, आणि डावा मेव्हण्याने कुठल्याशा स्कूटरचा काढून लावलेला. तो एका बोल्टावर उभा, त्यामुळे इंजिन सुरू झालं की त्याला हीव भरायचं. मागचा ट्रक, बाभळी, बैल, सगळ्यांचा त्यात एकच काला दिसे.

तसा यात कमीपणा काही नाही. 1911 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून नावाच्या गड्याने मागचं दाखवणारा आरसा मोटारीवर बसवला आणि शर्यत जिंकली. पण विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही, हे त्याने नंतर कबूल केलं. मेव्हण्याने अजून केलेलं नाही.

चिमठाणं आलं तशी आत्या पडल्या पडल्याच सांगू लागली, “14 एप्रिल 1944. साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला रे इथे क्रांतिकारकांनी. धुळ्याहून नंदुरबारला चालला होता.” तिला तारखा पाठ असतात, औषधं नसतात. तो खजिना अडवायला एवढी हिंमतवान माणसं लागली. आम्हाला अडवायला शिंदखेड्याच्या बाजारात एक म्हैस पुरली. गाडी थांबताच खिडकीशी एक घामाघूम मोटारसायकलवाला उगवला.

“कवयना हॉर्न वाजाडी ऱ्हायनू भाऊ! मांगे दखा ना!”

मागे गेलो. सकाळी नाशकात रामकुंडावर आत्याची आंघोळ झाली होती, आणि तिने ओलं लुगडं मागच्या शिडीला बांधून टाकलं होतं. एप्रिलच्या उन्हात ते चांदवडच्या आतच वाळलं असणार. सोनगीरजवळ एक गाठ सुटली, आणि तिथून नऊवार लुगडं, म्हणजे सव्वाआठ मीटर, रस्ता झाडत आमच्यामागे आलं. मोटारसायकलवाल्याने ते आपल्या चाकात जाऊ नये म्हणून एवढा वेळ नागमोडी गाडी हाकली होती. मी स्वागत समजत होतो.

गर्दी जमलीच. पांढरी, उंच, खिडक्यांना पडदे असलेली गाडी आपल्याकडे दोनच कामांना येते, प्रचाराला किंवा शिबिराला. सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते अजून बाजारपेठेपर्यंत पोचलेलं नव्हतं. एक म्हातारबाबा काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी मला खालची पापणी ओढून दाखवली. मोतीबिंदूचं शिबिर हेच ना? मी म्हटलं, “बाबा, आमच्या गाडीलाच दिसत नाही.” बाबा म्हणाले, मग आधी तिचं करा, मी बसतो सावलीत.

मोटारसायकलवाल्यानेच आम्हाला एका गॅरेजात नेलं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, “तुमनी गाडी डावा डोयानी आंधयी शे.” मग भंगारातून ट्रकचे लांबोडके आरसे निघाले, आणि प्रत्येकाखाली लावायला बशीएवढा एक फुगीर गोल आरसा. खरं कसब ब्रॅकेटचं. त्यांनी पाइपाचा त्रिकोण वेल्ड केला, तो पत्र्यावर तीन जागी कसला आणि प्रत्येक बोल्टाखाली जुन्या ट्यूबचं कापलेलं वायसर घातलं. तीन पायांवर उभं राहिलेलं थरथरत नाही. इंजिन सुरू केलं आणि आरशातली बाभूळ पहिल्यांदा बाभळीसारखी दिसली.

मग मला स्टिअरिंगवर बसवलं. आपल्याच गाडीची चिंचोळी कड आरशात राहिली पाहिजे, म्हणजे बाकीचं जग किती लांब ते कळतं. हेल्पर पोरगा लाल गमछा खांद्यावर टाकून मागून फिरू लागला.

“मी दखाई ऱ्हायनू का?”

“दिसतोस.”

आणखी चार पावलं. “आते?”

“नाही.”

मिस्त्री आरसा केसभर वळवत. पोरगा पुन्हा उगवे. डाव्या दाराशेजारी एक जागा अशी होती की तिथे तो गमछ्यासकट नाहीसा होई. तिथे मोटारसायकल मावली असती, मोटारसायकलवाल्याने माववून दाखवलीही. शेवटी गोल आरसा खाली कलवला तेव्हा तो सापडला, अंगठ्याएवढा.

“हा एवढासा का दिसतो?” आत्याने विचारलं. मी तज्ज्ञासारखं सांगितलं की सपाट आरसा थोडंच दाखवतो, पण अंतर खरं सांगतो. फुगीर सगळं दाखवतो, पण जवळचंही लांब असल्याची थाप मारतो.

“म्हणजे एक तुझा बाप आणि एक तुझा मेव्हणा.”

म्हातारबाबांचा डोळा मात्र तसाच राहिला. आत्याने त्यांना शेवभाजी-भाकरी आणून दिली आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात जायला बजावलं.

बेटावदवरून मुडावदला जाताना मी रस्त्यापेक्षा आरसेच जास्त बघत होतो. मागे एक ट्रॅक्टर, दोन एसट्या, एक बुलेट. इतकी वर्षं हे सगळे माझ्यामागे होते आणि माझ्याविषयी काय काय बोलत असतील! खिडकीबाहेर हात काढून मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. एका एसटीच्या ड्रायव्हरने जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं की उजवा आरसा क्षणभर नसता तर बरं झालं असतं.

मुडावदला कपिलेश्वराचं दर्शन झालं. तापी-पांझरेच्या संगमावर आत्याने दिवसातली दुसरी आंघोळ उरकली. निघायचं म्हणून मी गाडी सुरू केली, मागे बघायला मान डावीकडे वळवली, तर डावीकडे सगळं हिरवंगार.

“शिडीला नको म्हणालास ना तू?” बाहेरून आत्याचा आवाज आला. “मग इथे बांधलं. हा दांडा चांगला मजबूत आहे बाई, तीन बोल्टांचा. हं, आता मी बघते मागे. येऊ दे, येऊ दे, येऊ दे...”